ओटीचे तांदूळ

नीलिमाने ओंजळभर तांदूळ उचलून लेकीसमोर धरले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते घ्यायला पदरच नाही. पर्णिका जीन्स आणि ढगळ टी-शर्ट घालून पाटावर बसली होती. साड्या, ओढण्या सगळं भरून झालं होतं आणि बॅगा कुलपं लावून दाराशी उभ्या होत्या. टॉवेल आणू का, असं पर्णिकाने विचारलं. ओटी काय टॉवेलात भरायची, म्हणून नीलिमाने नाक मुरडलं. मग तिची नजर लेकीच्या कमरेच्या काळ्या पाऊचवर गेली.

"हाच उघड. नाहीतरी चोवीस तास कमरेलाच असतो."

चुलतबहिणीचं लग्न आटोपून अमेरिकेला परत जाताना पर्णिका आठवडाभर आई-वडिलांकडे अजमानला उतरली होती, आणि आठवडाभर त्या पाऊचची चेष्टा चालली होती. मंडईतल्या भाजीवाल्या बायकांसारखी दिसतेस, असं नीलिमा म्हणायची. दुबईत, बर दुबई भागातल्या देवळाच्या गल्लीत तो पाऊच होता, मीना बाजारात खण घेताना होता, आणि घरात सोफ्यावर बसून पोहे खातानाही होता. तिकडची फॅशन असेल असं धरून नीलिमाने ते हसण्यावारी नेलं होतं. तिचा नवरा भानुदास मात्र या चेष्टेत एकदाही सामील झाला नव्हता. त्याचं डोकं त्याच्या मसाल्यांच्या दुकानात अडकलेलं असेल, असं नीलिमाला वाटलं होतं.

पर्णिका हसली आणि न बघताच तिने हात कमरेकडे नेला. उघडायची होती पुढची चेन; त्या कप्प्यात ती पासपोर्ट आणि रुमाल ठेवायची. पण हात सवयीने मागे गेला. तिथे एक छोटी दोरी होती, ती तिने धरून ओढली, आणि एका हिसक्यात पाऊचचा मागचा अख्खा कप्पा उघडा पडला. नीलिमाची ओंजळ तोवर रिती झाली होती.

तांदूळ आत गेले आणि पर्णिकाचा चेहरा उतरला.

"ओह गॉड. आई, थांब. नको, थांब."

आत कडक कापडाचं एक घर शिवलेलं होतं, चष्म्याच्या घरासारखं पण एका बाजूला निमुळतं. त्यात मोबाइलचा पॉवर बँक उभा खोचला होता. पर्णिकाने तो ओढून काढला, पाऊच कमरेवरून सोडला आणि पाटावरच मांडी घालून त्या घरातला एकेक दाणा बोटाने बाहेर काढू लागली. हळदकुंकू लावलेले दाणे कापडाला चिकटून बसले होते. तिने शेजारची पूजेची वाटी ओढून घेतली आणि त्यात ते टाकत राहिली. नखाने निघेनात तेव्हा डोक्यातली पिन काढून तिने शिवणी उकरायला सुरुवात केली.

नीलिमाला पहिल्यांदा रागच आला. माहेरून निघताना भरलेली ओटी आहे, कुणी असं घाण काढल्यासारखं टोकरतं का? त्यांच्या घरची रीत अशी की ओटीतले थोडे दाणे माहेरच्या डब्यात परत टाकायचे आणि बाकीचे सांभाळून सासरी न्यायचे. राहिले चार दाणे आत तर काय बिघडतं, असं ती म्हणाली.

"यात काही राहून चालत नाही, आई."

"चार्जरच तर ठेवतेस त्यात."

"इथे चार्जर. तिथे नाही."

"मग तिथे काय ठेवतेस?"

पर्णिकाने पिन थांबवली. खोटं सांगावं की नाही याचा विचार तिच्या तोंडावर दिसला. मग ती म्हणाली, "पिस्तूल."

नीलिमा उभी होती ती खाली बसली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, दुसरीही झाली, पण तिला उठून गॅस बंद करण्याचं भान राहिलं नाही.

मग पर्णिकाने सगळं सांगितलं. ती ज्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती ते हायवेला लागून होतं आणि रात्री उशिरापर्यंत चालायचं. दीड वर्षापूर्वी एका माणसाने काउंटरवरून तिच्या कपाळाला पिस्तूल लावलं आणि दुखण्याच्या गोळ्या मागितल्या. तिने गोळ्या दिल्या. तो निघून गेला आणि सापडला नाही. त्यानंतर तिचा नवरा दर्शन तिला परवाना काढायला घेऊन गेला. कमरपट्ट्याला लावलं तर कोटातून दिसतं, पर्समध्ये ठेवलं तर वेळेवर हाताशी येत नाही, म्हणून हा पाऊच. आत एखादा दाणा जरी राहिला तरी ते ऐनवेळी बाहेर निघताना अडतं. बघणाऱ्याला वाटतं, बाईला डायबिटीस असेल, इन्सुलिन वगैरे ठेवत असेल. कुणी विचारतसुद्धा नाही. येताना पिस्तूल घरच्या तिजोरीतच ठेवलं होतं आणि पाऊच उलटासुलटा करून तपासला होता, त्यामुळे इकडे पकडलं जायची भीती नव्हती. नुसता पाऊच तरी कशाला आणायचा, असं नीलिमाने विचारलं. तो नसला की आपण एका बाजूला कलतोय असं वाटतं, असं पर्णिका म्हणाली. वजन हवं म्हणून तो पॉवर बँक होता.

शारजाच्या इस्पितळात जन्मलेली ही मुलगी इथल्याच रस्त्यांवर सायकल शिकली. इथे लोक मॉलमध्ये जागा धरायला टेबलावर मोबाइल ठेवून जेवण आणायला जातात. नीलिमा स्वतः मध्यरात्री एकटी टॅक्सीने घरी आली होती आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. लेकीला कशाचं भय वाटतं ते दुधावरची साय आणि गणिताचे पेपर यांपलीकडे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"कधी बाहेर काढलंस?" तिने विचारलं.

पर्णिका पुन्हा शिवण उकरायला लागली होती. "एकदा."

"मग?"

"बाबांच्या वयाचा एक माणूस होता. दुकान बंद करायची वेळ. जाड जॅकेट, हात खिशात. मी म्हटलं, सर, हात बाहेर काढा. दोनदा म्हटलं. तो खिशात काहीतरी शोधतच राहिला आणि माझ्याकडे चालत आला." पिनेने निघालेला एक दाणा तिने वाटीत टाकला. "त्याला ऐकू कमी यायचं. खिशात प्रिस्क्रिप्शन होतं, बायकोचं. मी समोर पिस्तूल धरलेलं बघून तो रडायला लागला, आई. आणि मी त्याला बीपीच्या गोळ्या दिल्या. म्हणजे, कामच आहे ना माझं."

नीलिमाने तिला जवळ घेतलं. मला सांगितलं का नाहीस, तिथे राहू नकोस, दर्शनलाही इकडे बोलाव, असं जे जे सुचेल ते ती बोलत सुटली. पर्णिका समजूतदारपणे ऐकत राहिली. तिचं उत्तर मात्र तयार होतं. दर्शनची नोकरी तिकडे, घर तिकडे, आणि इकडे येऊन राहायचं ते कोणाच्या व्हिसावर? बाबांचा स्वतःचा व्हिसा तरी दर दोन वर्षांनी टांगणीला लागतो. सगळं खरं होतं.

शेवटी ओटी रुमालातच बांधली. नारळ देवापुढे ठेवला, कारण तो विमानात हातात घेऊन जाणं काही जमण्यासारखं नव्हतं. पर्णिका पाया पडली आणि आंघोळीला गेली. आठवडाभर ती पाऊच बाथरूममध्येही घेऊन जायची. आज आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तो तिने पलंगावर तसाच ठेवला.

नीलिमा खोलीत आली ती खरं तर टॉवेल द्यायला. पाऊच उघडा पडला होता. पलीकडे शॉवर सुरू झाला. तिने ते कापडाचं घर हातात घेऊन आत बोट घातलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे जॅकेट घातलेला तो म्हातारा आला. त्याला तिने भानुदासचाच चेहरा दिला. भानुदासही असाच खिसे चाचपतो. चष्मा शोधताना, किल्ली शोधताना, चारदा हाक मारली तरी त्याला ऐकू जात नाही. पुढच्या वेळी आपल्या पोरीने तेवढा वेळ वाट बघितली नाही तर? एक माणूस हकनाक जाईल, आणि पोरगी जन्मभर त्या ओझ्याखाली दबून राहील.

तिने पाऊचशेजारच्या रुमालाची गाठ सोडली, ओटीतले चिमूटभर तांदूळ घेतले आणि त्या घराच्या तळाशी, शिवण जिथे दुहेरी होती तिथे आत सारले. बोटाने दाबून पाहिले. वरून काही दिसत नव्हतं. पिस्तूल अडलं तर क्षणभर अडेल, एवढंच तिच्या मनात होतं. त्या क्षणात समोरचा माणूस आपला कागद बाहेर काढेल. देवाचे तांदूळ आहेत, भलं तेच करतील, असंही ती मनाशी पुटपुटली. मग पाऊच होता तसा ठेवून, टॉवेल दाराला अडकवून ती बाहेर आली.

भानुदास दुकानातून व्हॅन घेऊन आला तेव्हा नीलिमाने त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं, फक्त तांदळाचं सांगितलं नाही. त्याने पाण्याचा ग्लास भरला आणि ओट्यावर तसाच ठेवला. आपल्याला हिवाळ्यापासून माहीत आहे, असं तो म्हणाला. दर्शननेच फोन करून सांगितलं होतं. मग त्याने ओळखीच्यांकडे पर्णिकासाठी शब्द टाकून पाहिला, अबू धाबीला मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका मेडिकलवाल्याशी बोलणंही झालं. पण फार्मसिस्टची इथली परीक्षा नव्याने द्यावी लागेल, आणि पर्णिकाने ते कानाआड केलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतंस तू?" भानुदास म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरोखर तिच्याकडून काही उपाय मिळाला असता तर हवा होता. मग तो बाहेर जाऊन बॅगा उचलायला लागला. "यल्ला, निघूया. शारजाला ट्रॅफिक लागणार."

ट्रॅफिक लागलाच. पर्णिका पुढे वडिलांशेजारी बसली, नीलिमा मागे बॅगांबरोबर. बाप-लेक दुकानातल्या नव्या मसाल्यांबद्दल बोलत होते, कोणतं पाकीट खपतं, कोणतं पडून राहतं. गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. नीलिमाला आता दुसराच माणूस दिसायला लागला होता. तो पहिला, ज्याने पर्णिकाच्या कपाळाला पिस्तूल लावलं होतं. तो सापडला नव्हता. तो केव्हाही परत येऊ शकत होता. तो आला आणि पोरीने कमरेला हात घातला, तर क्षणभर अडेल. त्या क्षणात त्याला कागद थोडाच काढायचा होता? आपण काय करून बसलो हे तिला शारजाच्या त्या रांगेत पहिल्यांदा नीट कळलं.

सांगावं म्हणून तिने पुढे वाकून लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. पर्णिका दचकली आणि तिचा हात झटकन कमरेला गेला. मग मागे आई आहे हे लक्षात येऊन ती ओशाळली, आईचा हात तिने आपल्या गालाशी धरला आणि तसाच धरून ठेवला. सांगितलं तर पोरगी पुन्हा आपल्यासमोर कधी पाऊच उघडा टाकणार नाही, असं नीलिमाला वाटलं. आणि तांदूळ काढून टाकले की तो जॅकेटवाला म्हातारा पुन्हा उघड्यावर पडला. कुणाचा जीव आधी बघावा हेच तिला समजेना. तेवढ्यात विमानतळ आला.

टर्मिनलबाहेर भानुदासने ट्रॉली आणली. पर्णिकाने वडिलांना मिठी मारली, मग आईला मारली. तिचा डावा हात नीलिमाच्या पाठीवर होता आणि उजवं कोपर दोघींच्या मध्ये पाऊच सांभाळत होतं. जेवायला वेळेवर बस, रात्रीची ड्यूटी कमी करता येते का बघ, दर्शनला घ्यायला यायला सांग, असं नीलिमा सांगत गेली. प्रत्येक गोष्टीला पर्णिका हो म्हणत होती. काचेचं दार उघडलं, मिटलं, आणि ती आतल्या गर्दीत दिसेनाशी झाली.

पार्किंगमध्ये व्हॅनजवळ आल्यावर भानुदास किल्ली शोधायला लागला. त्याने शर्टाचा खिसा पाहिला, पँटचा पाहिला, पुन्हा शर्टाचा पाहिला. नीलिमा त्याच्याकडे बघत उभी होती. एवढा साधा माणूस, एवढी साधी हालचाल, आणि तिकडे याचीच भीती. असाच कुणीतरी तिकडे आपल्या बायकोचा कागद शोधत असेल. त्याचीही बायको घरी वाट बघत असेल. ती बाई तिला आता अगदी शेजारी राहत असल्यासारखी वाटत होती, पण तिच्यासाठी नीलिमाला काही करता येण्यासारखं नव्हतं. ती त्या माणसाची कुणी नव्हती. ती फक्त पर्णिकाची आई होती.

तिने पर्समधून मोबाइल काढून लेकीला फोन लावला. इथे फिरायला म्हणून भानुदासचं जुनं सिम पर्णिकाच्या फोनमध्ये अजून होतं. एकदा रिंग पूर्ण वाजून बंद झाली. दुसऱ्यांदा पर्णिकाने उचलला.

"आई? काय झालं? मी सिक्युरिटीच्या लाइनमध्ये आहे."

"त्या मागच्या कप्प्यात मी तांदूळ घातलेत," नीलिमा म्हणाली. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

पलीकडून लाउडस्पीकरवरची घोषणा ऐकू आली, आधी अरबीत, मग इंग्रजीत. फोन कट झाला की काय म्हणून नीलिमाने तो कानापासून दूर धरून पाहिला.

"का?" पर्णिकाने विचारलं.

"ते विचारू नकोस. तळाशी दुहेरी शिवण आहे, तिच्या आत सारलेत. नुसतं झटकून निघायचे नाहीत. घरी गेलीस की टॉर्च लावून बघ आणि पिनेने काढ. शिवण उसवावी लागली तर उसव. पण कामावर जायच्या आधी कर. विसरू नकोस."

"हो."

"पडून गेले असतील, असं धरून चालू नकोस. नीट बघ."

"बघते, आई. नक्की बघते." मग ती म्हणाली, "थँक यू."

भानुदासला किल्ली सापडली होती. तो व्हॅनचं दार उघडून तिच्यासाठी थांबला होता. काय म्हणाली, असं त्याने विचारलं.

"साफ करते म्हणाली," नीलिमा म्हणाली. काय साफ करते, हे भानुदासने विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही. व्हॅनमध्ये बसून तिने पट्टा लावला. पर्णिका शब्दाची पक्की होती. घरी पोचताच ती कापडाचं ते घर अगदी निर्मळ करून ठेवणार होती, आतून पिस्तूल कुठेही न अडता सरळ हातात येईल असं. हे आठवून नीलिमाला खरंच हायसं वाटत होतं.